फाटकावरची हाक

पिंगळी स्टेशनापासून पूर्णा जंक्शनच्या अंगाला दीड मैलावर उमरीची गाडीवाट रुळांना आडवी जायची. तिथं एक लाकडी फाटक होतं आणि फाटकाला लागून दगडी चौकी. फाटक एरवी बंदच असायचं. बैलगाडी आली की गाडीवानानं हाक मारायची. मग चौकीतलं माणूस बाहेर येऊन लाइनीच्या दोन्ही अंगांना बघायचं, कुलूप काढायचं, गाडी पलीकडं गेली की पुन्हा कुलूप लावायचं. रात्री हे काम आश्रुबा नावाचा म्हातारा करायचा. दिवसा धुरपताबाई करायची.

धुरपताबाईच्या पाळीत फाटक ओलांडणं म्हणजे गाडीवानांना शिक्षाच होती. ते हाका मारून मारून थकायचे आणि ही चौकीच्या सावलीत बसून त्यांच्याकडं बघत राहायची. मनात आलं की उठायची. उमरीची गाडी असली तर घटकाभर उठायचीच नाही. कुणी शिवी दिली तर त्याहून जड शिवी परत यायची. चाळिशीच्या आतबाहेरची बाई, अंगानं काटक, कपाळ मोकळं, पदर कमरेला खोचलेला. तिचा नवरा सटवाजी याच लाइनीवर गँगमन होता. तो वारल्यावर निजामाच्या रेल्वेनं तिला ही दिवसाची चौकी दिली होती, आणि तेव्हापासून सहा वर्षांत तिला कुणी हसताना पाहिलं नव्हतं.

एक्केचाळीस सालच्या कापसाच्या हंगामात तिनं ईश्वरअप्पांच्या सात गाड्या अशाच अडवून ठेवल्या. ईश्वरअप्पा परभणीचे व्यापारी. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, बोलणं मवाळ. पण त्या दिवशी त्यांचा माल जिनिंगला वेळेवर पोचला नाही आणि त्यांनी पिंगळीला जाऊन लेखी तक्रार दिली.

पिंगळीला नुकतेच नवे स्टेशन मास्तर आले होते. नाव कायतान फर्नांडिस. मूळचे गोव्याचे, पण सगळी नोकरी निजामाच्या मुलखात झालेली. लग्न केलेलं नव्हतं. रोज सकाळी स्टेशनाच्या मागच्या लिंबाखाली हातात मण्यांची माळ घेऊन फेऱ्या घालायचे. त्यांना कुणी रागावलेलं पाहिलं नव्हतं, त्यामुळं ते धुरपताबाईचं काय करणार याची स्टेशनावरच्या खलाशी-गड्यांना उत्सुकता होती.

मास्तर दुपारची पॅसेंजर सोडून, छत्री उघडून, रुळांच्या कडेकडेनं चालत चौकीवर आले.

"रपोट करायला आलात?" धुरपताबाईनं बसल्या जागेवरून विचारलं.

"रिपोर्ट लिहून ठेवलाय. पाठवला नाही," मास्तर म्हणाले. "आधी पाणी दे, बाई. ऊन फार आहे."

तिनं पाणी दिलं. ते प्यायले, तांब्या उपडा ठेवला आणि पायरीवर बसले.

"फाटक का उघडत नाहीस?"

"उघडते की. माझ्या मर्जीनं."

"आणि उमरीच्या गाडीला मर्जी होत नाही. असं का?"

हा प्रश्न तिला सहा वर्षांत कुणी विचारला नव्हता. लोकांना कारण ठाऊक होतं म्हणून विचारलं नव्हतं, आणि ठाऊक होतं म्हणूनच कुणी तिच्यासमोर ते काढत नव्हतं. तिनं तांब्या उचलून आत ठेवला. मग बोलायला लागली ती थांबेचना.

"पटकीची साथ आली व्हती मास्तर, तुमी तव्हा इथं नव्हता. सोमवारी माझा मालक गेला. बुधवारी मुंजा गेला, चार वर्साचं लेकरू. राहिली मनकर्णा. नवाची. तिला बी लागलं. गँगच्या कॉटरात मी एकटी. म्हनलं परभनीला सरकारी दवाखान्यात न्यावं. तिला खांद्यावर टाकून उमरीला गेले, आबासाहेब पाटलाच्या दारात. त्येंच्याकडं दोन छकडे व्हते. भर दुपार व्हती. दार आतून लावलेलं. मी वाजवलं. हाका मारल्या. म्हनलं, पाटील, छकडा द्या, मी हाकीन, तुमचा गडी बी नको. आत मानसं व्हती. बोलल्यालं ऐकू यायचं. मग तेबी बंद झालं. पार ऊन कलंपस्तोर मी ते दार वाजवत व्हते. कुनी उघडलं न्हाई. मग तिला घेऊन चालत निघाले. वाटंत गेली ती. कुठं गेली ते बी मला कळलं न्हाई, मी आपली चालतच व्हते."

समोरच्या रानात कापूस वेचणाऱ्या बायांची रांग पुढं सरकत होती. मास्तरांनी कोटाच्या खिशातून प्रार्थनेचं छोटं पुस्तक काढलं. त्यात खुणेसाठी एक चित्र ठेवलेलं होतं. काळ्या झग्यातला एक म्हातारा, गाल बसलेले, हातात किल्ल्यांचा जुडगा.

"ह्यो कोन? तुमचा देव?"

"देव नव्हे. हा दारावरचा माणूस. तुझ्याच कामाचा."

"दारवान?"

"दारवान. संत अल्फोन्स." मास्तरांनी चित्र तिच्या हातात दिलं. "तीन-साडेतीनशे वर्षं झाली. स्पेन देशात राहायचा. बापाचा लोकरीचा व्यापार होता. बाप लवकर गेला, शाळा सोडून याला दुकानात बसावं लागलं. लग्न झालं, मुलं झाली. मग एकेक करून गेली. मुलं गेली, बायको गेली, आई गेली. व्यापारही बुडाला. शेवटी एक मुलगा राहिला होता, तोही गेला."

धुरपताबाई चित्राकडं बघत राहिली.

"मग?"

"मग त्यानं ठरवलं, उरलेला जन्म देवाच्या कामाला द्यायचा. मठात गेला. ते म्हणाले, तुझं वय झालं, शिक्षण नाही, तब्येत नाही, तुला घेऊन काय करू? तर हा पस्तिशी उलटलेला माणूस जाऊन पोरांच्या शाळेत बसला. बारा-चौदा वर्षांच्या पोरांच्या बाकावर. पोरं हसायची. त्याला शिकणं काही जमलं नाही. पण त्याची चिकाटी बघून त्यांनी घेतलं शेवटी, आणि एका बेटावर त्यांचं कॉलेज होतं तिथं दारावर बसवलं. तिथं चाळीसहून जास्त वर्षं तो दार उघडत होता."

"येवढंच केलं?"

"एवढंच केलं. घंटा वाजली की उठायचं, दार उघडायचं, कोण आलंय ते आत सांगायचं. भिकारी, विद्यार्थी, सरदार, जो येईल तो. पण घंटा वाजली की उठताना तो म्हणायचा, 'आलो, देवा.' बाहेर कोण आहे ते बघायच्या आधीच म्हणायचा. त्याला वाटायचं, दार वाजवणारा देवच आहे."

धुरपताबाईनं चित्र परत दिलं. तिचा आवाज बदलला.

"बरं हाय त्याचं. त्याच्या दारात देव यायचा. आन मी दार वाजवत व्हते तव्हा तुमचा देव कुठं व्हता, मास्तर?"

मास्तरांनी चित्र पुस्तकात ठेवलं. मग उठून छत्री घेतली आणि आले तसे चालत गेले.

आठ दिवस ते फिरकले नाहीत. धुरपताबाईला वाटलं, रिपोर्ट गेला असणार. नवव्या दिवशी ते आले, पाणीही न मागता उभ्यानंच बोलू लागले.

"तू विचारलंस त्याचं उत्तर मला त्या दिवशी सुचलं नाही. आजही बरोबर आहे की नाही ठाऊक नाही. पण अल्फोन्सचं जर खरं असेल, दार वाजवतो तो देव असं जर असेल, तर त्या दुपारी पाटलाच्या दारात देव होता. बाहेर उभा होता. त्याच्या खांद्यावर मनकर्णा होती."

धुरपताबाईला आधी समजलं नाही. समजलं तेव्हा ती खाली बसली. सहा वर्षांत ती तीन मेलेल्या माणसांसाठी रडली होती, पण त्या दारात उभ्या राहिलेल्या बाईसाठी कधी रडली नव्हती. त्या बाईची तिला लाजच वाटत आली होती. कुत्र्यासारखी हाकलली गेलेली, भीक न मिळालेली. आता ती तिच्यासाठी रडली. मास्तर पाठ फिरवून उभे राहिले आणि पूर्णेकडून येणाऱ्या मालगाडीला त्यांनीच हिरवा बावटा दाखवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उमरीचा चंद्रभान कडब्याची गाडी घेऊन आला. त्यानं नेहमीसारखी हाक मारली, "ए धुरपते, मेलीस का काय?"

"आले रं देवा!" ती चौकीतून ओरडली. भक्तीनं नाही, चेष्टेनंच. चंद्रभान इतका चमकला की आपल्या मागं आणखी कोण आलंय म्हणून गाडीवर उभा राहून वाटेकडं बघायला लागला. ते बघून धुरपताबाईला हसू फुटलं. तोंडाला पदर लावून ती हसत राहिली, फाटक उघडताना, गाडी जाताना, आणि गाडी गेल्यावरही.

चेष्टेनं सुरू झालेलं तिनं सोडलं नाही. हाक आली की उठायचं आणि उठताना म्हणायचं. कधी मोठ्यानं, कधी मनातल्या मनात. कोण आलंय ते आधी बघायचं नाही, हा नियम तिनं स्वतःच ठरवला, कारण आधी बघितलं की शब्द तोंडातून निघत नसत. सगळ्यांना सारखं म्हणणं सोपं नव्हतं. भाजीवाल्या बायांना म्हणणं सोपं जायचं. दारू पिऊन आलेल्याला म्हणणं अवघड जायचं. उमरीच्या माणसांना म्हणणं त्याहून अवघड, तरी ती म्हणायची. आबासाहेब पाटलाची गाडी मात्र सहा वर्षांत या वाटेला आलीच नव्हती. ते लांबून, पिंगळी गावातून जायचे.

पुढच्या कापसाच्या फेरीला ईश्वरअप्पा स्वतः गाड्यांबरोबर आले. त्यांना भांडण होईल असं वाटत होतं. गाडीवानानं हाक मारायचा अवकाश, आतून आवाज आला आणि फाटक उघडलंही. ते गाडीतून उतरले.

"बाई, हे काय म्हणालात तुमी?"

"आल्पोनबाबाचं बोल हाय, अप्पा. मास्तरांच्यातला संत."

ईश्वरअप्पांनी अर्थ विचारून घेतला. मग रुमालानं तोंड पुसत म्हणाले, "आमच्यात दारी आलेला जंगम म्हणजे शिवच. चन्नबसम्मा, माझी आई, जंगमाला वाढल्याशिवाय जेवली न्हाई कधी. पण हाक मारनाऱ्या गाडीवानाला शिव समजावं हे माझ्या डोक्यात आलं न्हाई." परत जाताना त्यांनी पिंगळीला उतरून तक्रार मागं घेतली.

मास्तर महिन्यातून दोन-तीनदा चौकीवर येत. ती त्यांना अल्फोन्सबद्दल विचारायची. तो काय खायचा, त्याला मायेचं कुणी होतं का, चाळीस वर्षं एकाच दारात बसून त्याला कंटाळा यायचा का. मास्तरांना ठाऊक असेल ते सांगायचे. पेद्रो नावाचा एक तरुण विद्यार्थी त्या दारवानाला रोज भेटायचा, आणि दारवानानं त्याला समुद्रापलीकडं, जहाजांतून गुलाम आणून विकायचे त्या बंदरात जा, तिथं तुझी गरज आहे, असं सांगितलं. तो पेद्रो गेला आणि उभा जन्म त्या गुलामांच्या सेवेत राहिला. "म्हणजे दारावर बसून त्यानं एवढं लांबचं दार उघडलं," मास्तर म्हणाले. माळ ओढून ओढून म्हाताऱ्याच्या बोटांना घट्टे पडले होते असंही ते सांगायचे.

बेचाळीसच्या उन्हाळ्यात एकदा ती म्हणाली, "मास्तर, मी नुसती तोंडानं म्हनायलेय आता. आत काय बी न्हाई. कोरडं हाय सगळं."

"त्याचंही तसं व्हायचं," मास्तर म्हणाले. "वर्षानुवर्षं. मनात नको नको ते यायचं, अंग दुखायचं, देव कुठंच नाही असं वाटायचं. तरी घंटा वाजली की उठायचा." मग म्हणाले, "माझंही तसंच होतं, बाई. माळ फिरवतो आणि मनात मालगाडीचे डबे येतात."

तिला हे ऐकून बरं वाटलं. मास्तरांनी तिला कधी आपल्या धर्मात ये म्हटलं नाही, आणि ती महादेवाला सोमवार धरायची तो धरतच राहिली.

त्याच वर्षी भादव्यात आठ दिवस झड लागली. रानं चिखलानं फुगली. काळ्या मातीत गाडीचं चाक आसापर्यंत रुतायचं. वाटेवर माणूस दिसत नव्हतं. एके दिवशी दुपार उलटताना फाटकापलीकडून हाक आली, फाटलेल्या गळ्याची.

"फाटक! अगं फाटक उघड!"

"आले, देवा!" धुरपताबाई गोणपाट डोक्यावर घेऊन बाहेर धावली. शब्द तोंडातून गेले आणि मग माणूस दिसला.

आबासाहेब पाटील होते. डोक्याला पागोटं नव्हतं, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेलं. मागं छकडा होता, त्यावर घोंगड्याचा आडोसा. आबासाहेबांनीही तिला ओळखलं आणि त्यांचे हात आपोआप जोडले गेले.

"धुरपता, तुझा राग माझ्यावर काढ. तिच्यावर काढू नको. सून हाय माझी, पार्वती. कालपासून अडलीय."

धुरपताबाईनं त्यांच्याकडं बघितलंच नाही. ती फाटकाखालून वाकून पलीकडं गेली आणि आडोसा सारला. आत वीस-बावीस वर्षांची पोर होती, ओठ पांढरे पडलेले. शेजारी उमरीची सुईण तानुबाई.

"मूल आडवं हाय," तानुबाई हळूच म्हणाली. "माझ्या हातचं न्हाई आता. दवाखान्यात पोचली तर वाचंल."

पार्वतीनं डोळे उघडले. धुरपताबाईचा हात धरला आणि सोडेना.

त्या हाताची पकड धुरपताबाईला ओळखीची होती. दवाखाना, छकडा, चार कोस वाट. ती वाट तिनं पायांनी मोजलेली होती. फाटक उघडून काही होणार नव्हतं. पुढं ओढ्याला पाणी होतं, बैल आताच फेस गाळत होते. परभणी गाठायला रात्र झाली असती.

तेवढ्यात लांब पूर्णेकडच्या अंगाला शिट्टी झाली. पॅसेंजर. ही गाडी फाटकावर थांबत नव्हती. पिंगळीला थांबायची, पण छकडा पिंगळीला पोचेस्तोवर ती केव्हाच निघून गेली असती.

"पाटील, बैल सोडा," ती म्हणाली. "घोंगड्यासकट तिला उचलायची तयारी करा."

"काय करायलीस तू?"

ती चौकीत शिरली, लाल बावटा घेतला आणि रुळांमधून गाडीच्या दिशेनं पळत सुटली. लाल बावटा कशासाठी असतो ते तिला चांगलं माहीत होतं. रूळ तुटला, पूल खचला, लाइनीवर झाड पडलं तर. विनाकारण गाडी थांबवली तर नोकरी जाते, हे तिच्याकडून अंगठा घेताना दोनदा वाचून दाखवलेलं होतं. ती फर्लांगभर पळाली आणि लाइनीच्या मधोमध बावटा दोन्ही हातांनी पसरून उभी राहिली. इंजिनानं लांबून तिला बघितलं. चाकं कर्कश ओरडली. गाडी तिच्यापासून चाळीस पावलांवर येऊन थांबली.

गार्डसाहेब मागच्या डब्यातून उतरून पावसात धावत आले. "क्या हुआ? पटरी टूटी क्या?"

"न्हाई साहेब. बाई अडलीय."

"क्या?"

"बाळंतपनात अडलीय. मूल आडवं हाय. परभनीला न्या तिला."

गार्ड तिच्याकडं बघतच राहिला. त्याच्या दाढीवरून पाणी गळत होतं. "तेरी नोकरी जाएगी, मालूम?"

"मालूम."

त्यानं एकदा घड्याळाकडं, एकदा फाटकाकडं पाहिलं. मग वळून डब्यांकडं ओरडला, "उतरो चार जने! जनाना डब्बा खाली करो!"

गाडी हळूहळू फाटकापर्यंत आणली. डब्यातून माणसं उतरली. सैनिकाची वर्दी घातलेला एक रजेवरचा शिपाई, सेलूचे दोन सूतवाले, एक हमाल. फलाट नव्हता, पायऱ्या उंच. घोंगड्याचे चार कोपरे धरून त्यांनी पार्वतीला वर घेतलं. आतल्या बायांनी जागा केली. तानुबाई चढली, आबासाहेब चढले. दारात उभं राहून त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण शिट्टी झाली आणि गाडी हलली.

गाडी गेल्यावर धुरपताबाईनं लाल बावटा गुंडाळला. ती ओल्या खडीवर बसली. थोड्या वेळानं तिच्या लक्षात आलं की पाटलाचे बैल भिजत उभे आहेत. तिनं ते चौकीच्या वळचणीला बांधले, चंद्रभाननं खोपट शाकारायला दिलेला कडबा त्यांच्यापुढं टाकला आणि एकाच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

पिंगळीला गाडी आली तेव्हा कायतान मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि लगेच परभणीला तार केली. तिथल्या स्टेशनावर डोली आणि टांगा तयार ठेवला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर स्वतः चिखल तुडवत चौकीवर आले.

"मुलगी झाली," ते म्हणाले. "डॉक्टरीणबाईंनी आत हात घालून मूल फिरवलं म्हणे. दोघी वाचल्या." मग त्यांनी चष्मा काढून पुसला. "आणि तुझी चौकशी लागली, बाई."

चौकशीला एक अधिकारी ट्रॉलीवरून आले. चौकीसमोर खुर्ची टाकून बसले, मास्तर बाजूला उभे.

"लाइनीवर अडथळा होता का?"

"लाइनीवर न्हवता, साहेब."

"मग गाडी का थांबवली?"

"फाटकात बाई मरायली व्हती. मला दुसरं काय सुचलं न्हाई."

"उद्या प्रत्येक बाईसाठी गाडी थांबवशील?"

धुरपताबाईनं विचार केला. खोटं बोलून सुटता आलं असतं. "अशीच असली तर थांबवीन," ती म्हणाली.

साहेबांनी मास्तरांकडं पाहिलं. मास्तरांनी दोन कागद पुढं केले. एक गार्डाचा होता. त्यात त्यानं लिहिलं होतं की गाडी नऊ मिनिटं थांबली आणि थांबवणं योग्य होतं असं त्याला वाटतं. दुसरा ईश्वरअप्पांनी दिला होता, त्यावर बावीस गाडीवानांचे अंगठे होते. पहिला अंगठा चंद्रभानचा. साहेबांनी ते वाचले, कपाळ चोळलं, आणि धुरपताबाईला पंधरा दिवस कामावरून दूर ठेवून लेखी ताकीद द्यायचा हुकूम केला. ट्रॉलीवर चढताना मात्र ते मास्तरांना म्हणाले, "पोर कशी आहे?"

त्या पंधरा दिवसांत आबासाहेब आले. एकटे आणि पायी. चौकीमागच्या तिच्या खोपटाबाहेर ती शेंगा निवडत बसली होती. त्यांनी बसा म्हणायची वाट पाहिली नाही, समोर मातीतच बसले.

"त्या दिवशी मी घरातच व्हतो," ते म्हणाले.

"मला ठावं हाय."

"दारामागं बसलो व्हतो. पाठ दाराला लावून. तू वाजवायचीस ते पाठीला कळायचं. आत माझी नातवंडं व्हती, धुरपता. मला लय भ्या वाटलं. तू गेल्यावर दार उघडलं, तव्हा तू वाटंला लागली व्हतीस. हाक मारावी वाटली. मारली न्हाई."

धुरपताबाईचे हात थांबले. हाक मारली असती तर. हा विचार तिच्या अंगातून सुरीसारखा गेला आणि तिला वाटलं, आता आपण उठून या माणसाला हाकलून द्यावं. तिला तसं करण्याचा पूर्ण हक्क होता आणि दोघांनाही ते माहीत होतं. तिनं त्यांच्याकडं बघितलं. म्हातारा खाली मान घालून बसला होता, त्याच्या पाठीचं हाड सदऱ्यातून दिसत होतं. सात वर्षं तिनं या माणसाला दाराएवढा मोठा करून ठेवला होता.

"माझी मनकर्णा," ती शेवटी म्हणाली, "तुमच्या पाठीपासनं हातभर लांब व्हती तव्हा."

"व्हय," आबासाहेब म्हणाले आणि रडायला लागले.

तिनं त्यांना माफ केलं असं म्हटलं नाही. तिला ते अजून येत नव्हतं. तिनं आत जाऊन पाणी आणलं, ते प्यायले, आणि तिनं मूठभर शेंगा त्यांच्यापुढं सरकवल्या. दोघं शेंगा फोडत बसले. उठताना आबासाहेब म्हणाले, "पोर सव्वा महिन्याची झाली की बारसं हाय. पार्वती म्हनते, तू आल्याबिगर नाव ठेवायचं न्हाई. मी सांगायलो न्हाई, तीच म्हनायलीय."

"बघते," धुरपताबाई म्हणाली.

ती पुन्हा कामावर रुजू झाली त्या आठवड्यात मास्तरांची नोकरी संपली. ते गोव्याला बहिणीकडं जाणार होते. जायच्या आदल्या दिवशी शेवटचे चालत आले. आता पाऊस उघडला होता, रानात ज्वारी पेरायची घाई चालली होती.

"मास्तर, एक इचारू?" ती म्हणाली. "त्या आल्पोनबाबानं येवढी वर्सं दार उघडलं. त्याला कधी दिसला का हो? खराखुरा? दारात उभा?"

"कुणी म्हणतात दिसला, कुणी म्हणतात नाही. मला ठाऊक नाही, बाई. खोटं कशाला सांगू?"

"मला बी न्हाई दिसला," ती म्हणाली. "पाटील दिसले, चंद्रभान दिसला. पन मास्तर, पयलं हाक आली की जीव कावायचा. आता न्हाई कावत. कोन आलंय ते बघावं वाटतं."

मास्तर हसले. त्यांनी तिला हात जोडले, तिनं त्यांना वाकून नमस्कार केला, आणि ते छत्री काखेत मारून पिंगळीकडं निघाले. ती त्यांच्याकडं बघत उभी राहिली नाही. मंगळवारी बारसं होतं, आणि पार्वतीच्या लेकीसाठी घेतलेल्या लाल खणाची कुंची अजून अर्धीच शिवून झाली होती. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात ती पायरीवर बसली, सुईत दोरा ओवला आणि कानापाशी किती सैल ठेवावी याचा विचार करू लागली, कारण पोर गुटगुटीत आहे असं तानुबाईनं सांगितलं होतं.